मास्तरांची पिठीसाखर

रविवार, ९ फेब्रुवारी

वर 'प्रिय' किंवा 'चि.' असं काही लिहिलेलं नाही, म्हणून राग मानू नकोस. तीन कागद त्यातच फाडले. 'प्रिय' लिहिलं तर तुला वाटेल मी लाडीगोडी लावतेय आणि 'चि.' लिहिलं तर वाटेल मोठेपणा घेतेय. दोन वर्षांत तूही मला कशानेच हाक मारलेली नाहीस. तेव्हा आपली बरोबरी झाली असं समजू.

पत्र मी लिहितेय, कारण तुझ्या बाबांना तीन ओळींच्या वर लिहिता येत नाही. त्यातली दुसरी ओळ कायम 'इकडे सर्व ठीक' अशी असते. तुमच्या त्या पक्षी मोजायच्या तळावर फोन लागत नाही आणि टपाल फक्त गुरुवारच्या सामानाच्या गाडीने जातं. म्हटलं, या गुरुवारी चार ओळी जास्त जाऊ देत.

तर, इकडे सर्व ठीक.

मास्तरही ठीक आहेत. जरा कमी जेवतात, एवढंच. तू लिहून ठेवलेला कागद त्यांच्या पेटीच्या काचेवर चिकटवलाय. सोमवार, बुधवार, शनिवार सहा-सहा अळ्या, पावडर लावून. पाणी रोज. दिवा सकाळी सातला. बाबा अळ्या देतात तो सोहळा तू बघायला हवास. स्वयंपाकघरातला सगळ्यांत लांब चिमटा, हात पुढे आणि तोंड मागे. मी म्हटलं, "अहो, दहाव्या मजल्यावर लिफ्टच्या दोराला लोंबकळता तुम्ही, आणि वीतभर पालीसारख्या प्राण्याला घाबरता?" तर म्हणाले, "लिफ्ट माझ्याकडे असं बघत नाही."

ते मात्र खरं. पिवळं अंग, त्यावर काळे ठिपके आणि पापण्या मिटून उघडून बघायची ती तऱ्हा. गृहपाठ केलेला नाही हे ओळखूनही न विचारणारे मास्तर असतात, तसे बघतात. नाव अगदी बरोबर ठेवलंयस.

एक विचारायचं होतं. पावडर कुठली? पेटीपाशी तर नाही. बाबा म्हणाले, "पावडर म्हणजे पावडर," आणि स्वतःच्या अंगाला लावायचा डबा घेऊन आले. मी वेळेवर अडवलं, नाहीतर मास्तर सुवासिक झाले असते. त्यामुळे नोव्हेंबरपासून अळ्या तशाच देतोय. चालेल ना?

पेटी मी साफ केलीय. छान दिसते.

जपून राहा.


गुरुवार, १३ फेब्रुवारी

आज गाडी निघून गेली, म्हणजे हे तुझ्या हाती पडायला आठवडा लागेल. तरी आजच लिहिते, नाहीतर परवापर्यंत मी यातलं निम्मं गाळेन.

'जरा कमी जेवतात' हे खोटं होतं. मास्तर बारा दिवस जेवलेले नाहीत. अळी नाकासमोर वळवळली तरी तोंड फिरवतात. शी तर त्याच्याही आधीपासून नाही. जाडजूड शेपटी बारीक झालीय. पोट मात्र फुगलंय.

काल त्यांना बुटांच्या खोक्यात, गरम पाण्याची बाटली शेजारी ठेवून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाहेर बाकावर एक मांजर होतं आणि एक भलामोठा कुत्रा. कुत्र्याच्या मालकाने विचारलं, "काय आणलंय?" बाबा म्हणाले, "गेको." तो म्हणाला, "म्हणजे?" बाबांनी खोक्याचं झाकण किलकिलं केलं. त्याने वाकून पाहिलं आणि कुत्र्यासकट पलीकडच्या बाकावर जाऊन बसला.

डॉक्टरीणबाई मला आवडल्या. सरळ म्हणाल्या, "मी गाई बघते, कुत्री-मांजरं बघते, एकदा एक पोपट बघितला होता. हे माझे पहिलेच." मग आमच्या समोरच त्यांनी आपल्या म्हाताऱ्या सरांना फोन लावला आणि वहीत सगळं उतरवून घेतलं. पोटाचा फोटो काढला. काळ्या फिल्मवर मास्तरांची नाजूक हाडं दिसत होती, बोटंसुद्धा मोजता येत होती. आणि पोटात एक पांढरा ढग.

"वाळू आहे ही," त्या म्हणाल्या. "पेटीत वाळू घातलीय?"

बाबा म्हणाले, "आधी नव्हती." आणि माझ्याकडे बघितलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अंगात कॅल्शियम कमी पडलं की हे दिसेल ते पांढरं चाटतात. कॅल्शियमची पावडर देता ना अळ्यांना लावून?"

मग आम्ही दोघांनीही जमिनीकडे बघितलं.

तर असं आहे. वाळू बाहेर पडली तर मास्तर वाचतील. आपोआप पडली नाही तर पोट उघडावं लागेल, आणि एवढ्याशा जिवाचं पोट उघडायचं तर बाईंनी हातच जोडले. तेरा दिवस वाट बघू म्हणाल्या. पंचवीस तारखेपर्यंत.

वाळू कुठून आली ते नंतर लिहीन.


शनिवार, १५ फेब्रुवारी

गाडी परत आली, तुझं पत्र नव्हतं. असेल अशी अपेक्षाही नव्हती, पण टपालपेटी दोनदा उघडून पाहिली.

आता आमची दिनचर्या ऐक. सकाळ-संध्याकाळ साबणाच्या डबीत कोमट पाणी, मास्तरांच्या हनुवटीपर्यंत. वीस मिनिटं. मग पोटावरून बोट फिरवायचं, वरून खाली, लोण्यावरून फिरवल्यासारखं. मग औषधी तेलाचा आणि पातळ कॅल्शियमचा एकेक थेंब. तो ओठांवर ठेवायला मी माझा मेणाचा ब्रश वापरते. कवळीतल्या दातांच्या मुळाशी मेण भरायला असतो तो, तीन केसांचा. नवा कोरा घेतला, काळजी करू नकोस.

तुला सांगू का, या घरात मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. चूक आहे असं वाटणं, पण आहे. मास्तर पाण्यात डोळे मिटतात आणि माझ्या करंगळीला पुढच्या पंजाने धरून ठेवतात. पाचही बोटांनी. मी वीस वर्षं लॅबमध्ये लोकांचे खोटे दात करतेय, पण इतकी नीट केलेली वस्तू हातात आलेली नाही.

बाबा आधी दारात उभे राहायचे. काल स्टुलावर बसले. आज बाही वर करून म्हणाले, "तू थकलीस. दे इकडे." आणि चक्क हातात घेतलं! घाम फुटला होता, पण घेतलं. मग त्यांच्याशी बोलायला लागले. "चला मास्तर, जोर लावा. लाजायचं नाही. इथे सगळी घरचीच माणसं आहेत."

'घरचीच' म्हणाले. मी बेसिनकडे तोंड करून ब्रश धुतला.

वजन एक्कावन्न ग्रॅम. शी नाही.


मंगळवार, १८ फेब्रुवारी

उद्या तिन्ही पत्रं एका पाकिटात घालणार आहे. तेव्हा आज लिहिलंच पाहिजे.

वाळू मी घातली.

जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी मी पेटी साफ करायला घेतली. तळाच्या त्या चपट्या फरश्यांच्या कडांना तपकिरी डाग होते, काही केल्या निघेनात. आमच्या लॅबमध्ये दातांच्या धातूच्या टोप्यांवरची काजळी उडवायला मशीनमधून वाळू फवारतात. पांढरीशुभ्र, पिठासारखी बारीक. तिची न फोडलेली पिशवी होती. मालकांना विचारून घरी आणली, फरश्या काढल्या, वाळू पसरली. इतकं सुंदर दिसलं की बाबांना हाक मारून दाखवलं. मास्तर तिच्यावर पावलं उमटवत एक फेरी मारून आले आणि मग त्यांनी तिला जीभ लावली.

मला वाटलं, आवडली.

नंतर दवाखान्यातून आल्या आल्या ती काढली. तुझ्या फरश्या परत घातल्यात. डागांसकट.

आणि आता डब्यांबद्दल. आपण त्यावर कधी नीट बोललोच नाही. स्वयंपाकघरातले अकरा डबे मी गरम पाण्यात भिजवून, वरच्या कागदी पट्ट्या काढून, घासून ओट्यावर पालथे घातले होते. तू बाहेरून आलीस. एकेक उचलून, फिरवून पाहिलास. मी वेडी कौतुकाची वाट बघत होते. तू म्हणालीस, "तुम्ही घासता फार." बास. त्यानंतर दोन वर्षं आपलं जेवढ्यास तेवढं, आणि जायच्या दिवशी ते भांडण.

'त्या पट्ट्या तुझ्या आईने चिकटवल्या होत्या हे मला माहीत नव्हतं', असं मी त्या भांडणात म्हटलं होतं. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. हाताने लिहिलंय हे दिसत होतं. अक्षर तुझं नव्हतं, बाबांचं तर नाहीच नाही. मनात शंकेची पाल चुकचुकली होती (मास्तरांची माफी मागून). तरी हात थांबला नाही. आम्हाला कामावर पहिल्या दिवसापासून शिकवतात, कवळीवर करणाऱ्याच्या हाताची खूण राहता कामा नये, बोट फिरवलं तर नुसतं गुळगुळीत लागलं पाहिजे. मला नवं घर तसं हवं होतं. माझ्या आधी इथे कुणी नव्हतंच असं. काय लिहिलंय ते मी वाचलंसुद्धा नाही.

बाबा म्हणतात, "तिला आत्ता कळवू नकोस, एवढ्या लांब बसून ती काय करणार?" मी म्हटलं, काही करायला नाही, माहीत असायला. मास्तरांना तू आणि तुझी आई मिळून आणलंत, तू बारा वर्षांची होतीस. आई जाऊन पाच वर्षं झाली, मास्तर अजून आहेत. ते काय आहेत हे मला पुरतं कळतं. त्यांना काही झालं तर तू माझं तोंड बघू नयेस हेच बरोबर. पण ते दुसऱ्या कुणाकडून नाही, माझ्याकडून कळावं.

पन्नास ग्रॅम. शी नाही.


गुरुवार, २० फेब्रुवारी

घासूबाई,

(हे नाव मी आणि बाबांनी दोन वर्षांपूर्वी ठेवलंय. विचारा त्यांना, कबूल करतील.)

गाडीवाला चहा पिऊन निघेपर्यंतच वेळ आहे. तुमची पत्रं उभ्यानेच वाचली. मागच्या आठवड्यातलं न उघडता बॅगेत टाकलं होतं, तेही आज उघडलं.

खूप राग आला. इतका की मोजणी चुकली आणि चारशे बगळे पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागले. सगळे चिडलेत माझ्यावर.

पण पावडर माझ्या खोलीत आहे. कपाटाच्या वरच्या कप्प्यात, लोकरी मोज्यांच्या आत. मी लपवली होती. त्या डबीवर आईने लिहिलेली शेवटची पट्टी आहे. तुम्हाला सापडली असती तर तुम्ही घासली असती. जाताना बाबांना गुपचूप सांगायचं होतं, पण तुमच्याशी भांडण्यात राहून गेलं. आणि पहिलं पत्र वेळेवर उघडलं असतं तरी आठवडा वाचला असता. म्हणजे मास्तरांनी वाळू चाटली त्यात मीही आहे. हे लिहायला आवडत नाहीये, पण लिहिलं.

दुसरं. मी चौदा वर्षांची असताना मास्तरांनी कुंडीतली माती खाल्ली होती आणि असंच अडलं होतं. तेव्हा आईने साबणाची डबी पाण्यासकट, मास्तरांसकट, चालू वॉशिंग मशीनवर ठेवली होती. दहा मिनिटांत काम झालं. ते करून बघा.

शी झाली की कळवा. बाकी काही लिहिलं नाहीत तरी चालेल.


शनिवार, २२ फेब्रुवारी

पत्र जिन्यातच फोडलं. बाबांना विचारलं, "घासूबाई कोण?" ते शर्टाची गुंडी लावत होते, ती लावतच राहिले. मग म्हणाले, "प्रेमाने म्हणायचो गं." मी म्हटलं, "तीसुद्धा प्रेमाने म्हणायची?" म्हणाले, "ती नाही. पण आता बघ, पत्रात वर लिहिलंय ना?"

हो. वर लिहिलंय. दहा वेळा बघून झालं.

मोजे काढले. डबी काढली. हात आधी पुसून घेतले, कोरडे, स्वच्छ. पट्टी वाचली.

'मास्तरांची पिठीसाखर. माणसांनी चहात घालू नये. (अहो, तुम्हालाच सांगतेय.)'

मी तुझ्या पलंगावर बसले आणि हसू आवरेना. बाबा धावत आले. त्यांनी वाचलं, तेही हसायला लागले. म्हणाले, "घातली होती मी. दोन कप. चव काही वाईट नव्हती." मग हसता हसता त्यांचे डोळे भरले आणि माझेही. पण ते रडणं नव्हतं, किंवा असलं तरी चांगलं होतं. ही बाई मला भेटायला हवी होती. आमचं जमलं असतं असं मी म्हणणार नाही, तिने मला पहिल्या आठवड्यातच चिडवून हैराण केलं असतं.

आणि मग लक्षात आलं. अकरा डबे होते. म्हणजे मी अकरा विनोद धुऊन टाकले.

आता मशीन. आपलं मशीन नवं आहे, मी आल्यावर घेतलेलं. त्यावर पाण्याने भरलेला पेला ठेवला तरी तरंग उठत नाही. आज साबणाची डबी ठेवून पाहिली. मास्तर छान झोपले. बाबांनी मशीनला बाजूने गुद्दे मारले, तेव्हा मशीनच बंद पडलं.

सत्तेचाळीस ग्रॅम. शी नाही. मंगळवारी पंचवीस तारीख.

पण रात्रीची भांडी घासताना मला एक सुचलंय. डॉक्टरीणबाईंना फोन केला. म्हणाल्या, "कुठल्या पुस्तकात नाही हे. पण अगदी हळू, थोडाच वेळ, आणि जरा घाबरल्यासारखे वाटले तर लगेच थांबायचं."


सोमवार, २४ फेब्रुवारी

झाली!

झाली, झाली, झाली. आता सविस्तर.

लॅबमध्ये प्लास्टर ओततो तेव्हा आतले हवेचे बुडबुडे निघून जावेत म्हणून साचा एका थरथरत्या मशीनवर धरतो. पोळपाटाएवढं आहे, हळू-जोरात करायला बटण आहे. आज जेवणाच्या सुट्टीत बाबा बुटांचं खोकं घेऊन आले, लिफ्टवाल्यांचा निळा डगला घालून, ग्रीसच्या हातांनी. मशीनवर चार पदरी फडकं घातलं, वर साबणाची डबी, डबीत कोमट पाणी आणि त्यात आपले मास्तर.

मेणाच्या टेबलावरच्या जिजी आधी "पाल! अगं पाल!" करत स्टुलावर चढल्या. मी सगळ्यात हळूवर बटण फिरवलं. पाण्यावर बारीक बारीक तरंग उठले. मास्तरांनी डोळे मोठे केले, माझ्याकडे पाहिलं, मग करंगळी धरली आणि डोळे मिटले.

पाच मिनिटं, काही नाही. मग बंद, मग पुन्हा थोडं. जिजी स्टुलावरून उतरून जवळ आल्या. "बाळंतपणासारखं झालंय गं हे," म्हणाल्या आणि पदर खोचला. मालक आत आले. काय चाललंय विचारणार होते, पण जिजींनी त्यांना "श्शू!" केलं. समोरच्या फळीवर आजच्या चौदा कवळ्या वाळत होत्या, त्याही दात काढून बघत होत्या. बाबा हळूच म्हणत होते, "चला मास्तर. जोर लावा मास्तर."

दहाव्या मिनिटाला मास्तरांनी शेपटी उचलली.

जिजीच आधी ओरडल्या, "झाली!" दोन तांदळांएवढी, पांढरीधोप. मग आणखी. मग बरीच. बाबांनी मालकांना मिठी मारली, ग्रीससकट. मालक म्हणाले, "ठीक आहे, ठीक आहे, पण आता हे मशीन कोण घासणार?" आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. अगं, कुणी घासायला सांगितल्याचा इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता.

दुपारी पुन्हा फोटो काढला. ढगाचा एवढासा ठिपका उरलाय, तो आपोआप जाईल म्हणाल्या डॉक्टरीणबाई. आपल्या वहीत 'प्लास्टरचं मशीन' असं लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. संध्याकाळी मास्तरांनी पिठीसाखर लावलेली एक अळी खाल्ली. मग दुसरी. तिसरीला तोंड फिरवलं, पण पूर्वीसारखं, रुबाबात.

डबी आता पेटीशेजारी उघड्यावर ठेवलीय. पट्टीचा एक कोपरा सुटत होता, तेवढा चिकटवला. बाकी हात लावलेला नाही.

एकच मागायचं आहे. त्या अकरा पट्ट्यांवर काय काय होतं, ते तुला आठवत असेल तर कळव. मला वाचायचंय. त्या वेळी वाचायला हवं होतं.

तुझी,
घासूबाई


गुरुवार, २७ फेब्रुवारी

घासूबाई,

तुमचं पत्र जेवणाच्या तंबूत मोठ्याने वाचून दाखवलं. 'झाली'ला टाळ्या पडल्या. इथला स्वयंपाकी मास्तरांना ओळखत पण नाही, तरी त्याने आज सगळ्यांना दुप्पट गोड वाढलं. बगळेही माफ झाले.

मिठाच्या डब्यावर होतं : 'आधीच घातलं असेल. चाखून बघ.'

उरलेले दहा मला पाठ आहेत, पण पत्रात लिहिणार नाही. एकवीस मार्चला आठ दिवसांची सुट्टी मिळतेय. येऊन सांगते. पट्ट्यांचा कागद आणि पेन मी आणते.

तुम्ही डबे घासून ठेवा.